पिवळ्या धाग्याचे शर्ट

2022 च्या जूनमध्ये एका शाळेकडून माझे 43 शर्ट परत आले. शाळा सुरू होऊन जेमतेम चार दिवस झाले होते. पोत्यात भरून रिक्षातून आले आणि सोबत एक चिठ्ठी होती: "कॉलर बघाव्यात."

बघितल्या. एक टोक लांब, दुसरं आखूड. काहींची कॉलर एका बाजूने मानेपासून उचललेली. पांढरा शर्ट, त्यावर टाय, म्हणजे ती चूक वर्गात शेवटच्या बाकावरूनही दिसणार. शाळेचं काहीच चुकलं नव्हतं.

करोनामुळे दोन वर्षं शाळा बंद होत्या, त्यानंतरचा तो पहिला पूर्ण सीझन. दोन वर्षं कारखान्यात मशीनवर चादरी झाकून ठेवलेल्या. मधे मास्क शिवले, गोधड्या शिवल्या, कसेबसे दिवस काढले. त्यामुळे एप्रिलमध्ये ऑर्डरी यायला लागल्यावर मी एकही परत पाठवली नाही. झेपेल त्याच्या दीडपट काम घेतलं. मे महिन्यात सोलापूरचं ऊन 43-44 वर जातं, पत्र्याखाली दुपारी बसवत नाही. आम्ही सकाळी सात ते एक आणि संध्याकाळी चार ते नऊ अशा पाळ्या केल्या होत्या. सगळ्यांनी जीव तोडून काम केलं, आणि तरी हे पोतं परत आलं.

माझा कारखाना म्हणजे अक्कलकोट रोडच्या बाजूला दोन खोल्या आणि वर एक शेड. मला धरून नऊ माणसं. सोलापूर म्हटलं की बाहेरच्यांना चादर आठवते, पण आमच्या पूर्व भागात गल्लोगल्ली गणवेश शिवला जातो आणि तो महाराष्ट्राबाहेरही जातो. माझ्यासारखे छोटे कारखाने तेव्हा बहुतेक 'फुल पीस'वर चालायचे. एका कारागिराने शर्ट पहिल्या शिवणीपासून शेवटच्या काजापर्यंत एकट्याने शिवायचा आणि नगावर मजुरी घ्यायची. कोणाचे किती नग झाले ते कळावं म्हणून प्रत्येकाचा खुणेचा धागा ठरलेला. बाजूच्या शिवणीत, आतून, खाली, एक टाका. लाल, निळा, हिरवा, पिवळा.

त्या रात्री शेडमधल्या फरशीवर मी ते 43 शर्ट पसरले आणि धाग्याप्रमाणे ढीग लावले. खरं सांगायचं तर मला राग आला होता आणि दुसऱ्या दिवशी कोणाला बोलायचं ते मला ठरवायचं होतं. लाल 19, निळे 13, हिरवे 11. पिवळा एकही नाही.

पिवळा धागा भाभींचा. (नावं लिहीत नाही. आम्ही एकमेकांना ज्या हाकेने बोलावतो, तीच इथे लिहिते.) भाभी दिवसाला नऊ शर्ट शिवायच्या. लाल धाग्याचा मुलगा पंधरा शिवायचा, बाकीचे दोघे बारा आणि अकरा. मार्चमध्येच मी घरी म्हणाले होते, सीझन संपला की भाभींना सांगावं लागेल, परवडत नाही. मशीन एक, वीज तेवढीच, जागा तेवढीच आणि नग सगळ्यांत कमी. माझा हिशेब तिथेच थांबायचा.

मग मी ते ढीग मोडले आणि पुन्हा लावले. या वेळी माणसाप्रमाणे नाही, चुकीप्रमाणे. लाल धाग्याचे एकोणीसही शर्ट कॉलरवर फसलेले, पण त्यांच्या बाह्या मी उलटून बघितल्या तर बाहीचा गोल असा बसलेला की एक चुणी नाही. बगलेत चारही शिवणी एका बिंदूवर मिळालेल्या. निळ्या धाग्याच्या ताईंची बटणपट्टी पट्टी ठेवून आखल्यासारखी सरळ. हिरव्याचे खिसे तर इतके एकसारखे की शर्ट एकावर एक ठेवले तर खिशावर खिसा यावा. म्हणजे प्रत्येकाचं काहीतरी फार चांगलं होतं आणि मी प्रत्येकाकडून सगळंच करून घेत होते. दीडपट घाईत ज्याचा जो कच्चा भाग, तो उघडा पडला. तिघांचाही कच्चा भाग नेमका एकच होता.

दुसऱ्या दिवशी कोणालाच बोलले नाही. भाभींच्या मशीनजवळ स्टूल घेऊन बसले आणि तासभर नुसती त्यांची कॉलर बघितली. सात वर्षं त्या माझ्याकडे होत्या आणि मी पहिल्यांदा बघत होते, याचं मला वाईट वाटलं.

कॉलरचे दोन पदर, मधे फ्युजिंग, म्हणजे कॉलर ताठ ठेवणारं अस्तर. सगळे टोकापर्यंत शिवतात, कोपऱ्यावर वळतात, कापड उलटतात आणि मग कात्रीच्या नोकेने टोक बाहेर ढकलतात. त्यात टोक कधी गोल होतं, कधी आतलं कापड फाटतं. भाभी कोपऱ्यावर पोचल्या की थांबायच्या. दोन पदरांच्या मधे एक दोरा अडकवायच्या, त्याची दोन्ही टोकं आत ठेवायच्या आणि मग वळून शिवण पुढे न्यायच्या. कोपऱ्यावरचं जास्तीचं कापड अगदी शिवणीपाशी तिरकं कापायच्या. उलटताना तो दोरा ओढला की टोक आपोआप, टोकदार, बाहेर यायचं. दोरा अलगद निघून जायचा. मग कॉलर मधोमध दुमडून दोन्ही टोकं एकमेकांना लावायच्या, उजेडाकडे धरून बघायच्या आणि मगच वरची टीप मारायच्या. मी म्हणाले, "भाभी, हे दर वेळी?" तर म्हणाल्या, "हात भगाए तो कोना बिगडता, दीदी."

नगावर मजुरी असताना ही बाई सात वर्षं दर कॉलरला दोन मिनिटं जास्त देत होती. ती दोन मिनिटं तिच्या स्वतःच्या खिशातून जात होती.

त्या पावसाळ्यात, काम कमी असताना, आम्ही शर्ट तोडून वाटून घेतला. कॉलर भाभींकडे, बनवणं आणि चढवणं दोन्ही. बाजू, बाही आणि खालची घडी लाल धाग्याच्या मुलाकडे. पट्टी, काज-बटण निळ्या ताईंकडे. खिसा, योक आणि कफ हिरव्याकडे. मोठ्या कारखान्यांत अशीच एकेका खुर्चीवर एकेक काम असलेली लाईन असते, ते मला माहीत होतं, मी काही नवं शोधलं नाही. पण लाईनमध्ये खुर्ची आधी ठरते आणि रिकामी झाली की जो मिळेल तो बसतो. मला खुर्ची माणसावरून ठरवायची होती.

याला कारण माझे वडील. सोलापुरात पहिली कापड गिरणी 1877 साली उभी राहिली आणि पुढे शंभरएक वर्षं हे शहर भोंग्यावर उठलं आणि भोंग्यावर जेवलं. वडील त्याच जगातले, पण बरीच वर्षं बदली कामगार. सकाळी भोंग्याला गिरणीच्या दारात उभं राहायचं, ज्या खात्यात माणूस कमी तिथे जायचं. त्यांच्या बरोबरीची माणसं अजून भेटली की सांगतात, साच्यावर, म्हणजे मागावर, तुझ्या वडिलांसारखा हात नव्हता, ताण्याचा तुटलेला उभा धागा बघता बघता सांधायचे. पण साच्यावर त्यांना आठवड्यातून दोन दिवस मिळाले तर मिळाले. बाकीचे दिवस कुठेतरी सूत वाहा, कुठेतरी झाडलोट कर. ते कधी तक्रार करायचे नाहीत. मला मात्र ते आठवलं की अजून घशात येतं.

मास्तर आमचे कटिंगवाले. ते मुळात यंत्रमागावर जॉबर होते, म्हणजे माग नीट चालते ठेवणारे, जॅकार्डच्या नक्षीच्या चादरी काढणाऱ्या मागांवर. मागाचा आवाज बदलला की काय बिघडलं ते न बघता सांगणारे. माग विकले गेले तसे ते कात्रीकडे वळले. वेगात ते मध्यमच. पण चौकड्याचा कपडा आला की मास्तर वेगळे माणूस होतात. चौकड्याच्या शर्टात खिशावरची रेघ अंगावरच्या रेघेला मिळायला हवी, पुढच्या दोन पट्ट्यांवर चौकडी एका उंचीवर यायला हवी. 58 इंची पन्ह्याचे साठ-सत्तर थर एकावर एक अंथरताना प्रत्येक थराची रेघ खालच्या रेघेवर बसवणं म्हणजे डोळ्यांचं काम. ताणा कुठे तिरका गेलाय हे मास्तरांना हात फिरवून कळतं, कारण तो ताणा त्यांनी वीस वर्षं भरलेला आहे. तेव्हापासून साधा पांढरा आणि आकाशी कपडा मदतनीस अंथरतो, मास्तर फक्त खडूच्या खुणा तपासतात. चौकडा आला की तो फक्त मास्तरांचा. आणि त्या दिवशी मी त्यांना घड्याळ दाखवत नाही.

अक्कांबद्दल मात्र मला सावकाश लिहायचं आहे.

अक्का कुंभारीहून येतात. तिथे बिडी कामगार बायकांसाठी गोदूताई परुळेकरांच्या नावाने दहा हजार घरांची वसाहत आहे, त्यातलं एक घर अक्कांचं. वीस-बावीस वर्षं त्यांनी बिड्या वळल्या. तंबाखूने छातीचा त्रास सुरू झाला तेव्हा कोणाच्या तरी ओळखीने माझ्याकडे आल्या. मी त्यांना धागेकटिंगला बसवलं, कारण मशीन येत नाही अशा प्रत्येक बाईला आम्ही तिथेच बसवतो. विचारच केला नव्हता.

एकदा कापलेल्या बाह्यांचं बंडल त्यांच्याजवळ पडलं होतं. त्यांनी ते उचललं, अंगठ्याने कड फुलवली आणि खाली ठेवलं. म्हणाल्या, "दोन कमी हैत." मोजलं. 50 पाहिजे होत्या, 48 निघाल्या. 25 बिड्यांच्या जुड्या इतकी वर्षं बांधल्यावर हातालाच आकडा कळतो, असं त्या म्हणाल्या, त्यात त्यांना काही विशेष वाटत नव्हतं. मग मी त्यांना बंडल लावायला दिलं. एकाच पांढऱ्या रंगाच्या दोन ताक्यांतही फरक असतो, एक किंचित निळसर, एक पिवळसर. एका ताक्याची बाही दुसऱ्या ताक्याच्या अंगाला लागली तर उन्हात उभं राहिलं की दिसतं. अक्कांनी तेंदूची पानं रंगावरून आणि जाडीवरून निवडलेली. त्या ताका हातात घेतात, दारात उजेडाला जातात आणि दोन ढीग करतात. त्यानंतर आमच्याकडे रंगातल्या फरकाची तक्रार आलेली नाही.

पण अक्कांचं खरं बळ हे नाही, ते मला आणखी सहा महिन्यांनी कळलं. चेकिंगचं काम करणारी मुलगी लग्न होऊन गेली म्हणून काही दिवस अक्कांना बसवलं. आधीच्या चेकिंगमध्ये नापास शर्ट कोपऱ्यातल्या टोपलीत पडायचा आणि दिवसाअखेर कारागिरासमोर ओतला जायचा. अक्का एकेक शर्ट स्वतः घेऊन उठायच्या, कारागिराजवळ जायच्या, चूक जिथे आहे तिथे बोट ठेवायच्या, एक वाक्य बोलायच्या आणि परत यायच्या. मी म्हणाले, अक्का, इतक्या फेऱ्या कशाला? तर त्या म्हणाल्या, "ताई, मी बिड्या घेऊन गेले की चेकर मूठभर बिड्या छाट म्हणून काढून बाजूला टाकायचा. काय चुकलं सांगायचा नाही. घरी येऊन मी कशी सुधारू?"

वीस वर्षं तपासणाऱ्याच्या समोर उभं राहिलेली बाई तपासायला बसली, म्हणून आमचं चेकिंग सुधारलं. कागदावर तिची पात्रता 'शिवण येत नाही' एवढीच होती.

आता पैशाचं. इथे मी चुकले आणि ते नीट सांगायला हवं, कारण माणसाच्या गुणाप्रमाणे काम वाटण्याबद्दल लोक बोलतात तेव्हा पगाराबद्दल फार कमी बोलतात.

आधी दिवसाला चौघांचे मिळून 47 शर्ट व्हायचे, शर्टाला 30 रुपये शिलाई. लाल धाग्याच्या मुलाला 450 सुटायचे, भाभींना 270. काम वाटल्यावर मी सरळ सांगितलं, एकूण रक्कम चौघांत सारखी वाटू. 1410 भागिले चार, म्हणजे माणशी साडेतीनशेच्या आसपास. मला ते न्यायाचं वाटलं होतं. भाभींना ऐंशी रुपये जास्त मिळणार होते. पण त्या मुलाचे जवळजवळ शंभर जाणार होते, रोजचे. त्याने एक आठवडा काम केलं, मग शनिवारी पगार घेतला आणि म्हणाला, "ताई, माझा हात चालतो हा माझा गुन्हा आहे का?" सोमवारी तो दुसऱ्या कारखान्यात होता.

त्याचं बरोबर होतं. भाभींचा गुण नेमकेपणा, म्हणून मी तो जपायला निघाले आणि त्याचा गुण वेग, तो मी फुकट घेतला. वेगाला आपण हावरटपणा समजतो. पण बाही चढवताना त्याचा जो सलग, न थांबता फिरणारा हात आहे, त्यानेच तो गोल बसतो. सावकाश केली तर तिथे चुणी पडते. वेग हीसुद्धा कारागिरीच आहे.

हिशेब पुन्हा मांडला. तोवर त्याच्या जागी मदतीला घेतलेल्या दुसऱ्या कारागिरावरही आमचे नग 47 वरून 58 वर गेले होते, कारण दिवसभर एकच काम असलं की धागा बदला, फूट बदला, उठा, शोधा यात वेळ जात नाही. मग ज्या कामात वेग चालतो तिथे नगावर मजुरी ठेवली: बाजू-बाही-घडीला शर्टामागे 8 रुपये. जिथे वेग घातक आहे तिथे, म्हणजे कॉलर, चेकिंग आणि बंडल, रोजचा पक्का पगार. भाभींना तेव्हा 420 ठरवले. आल्टरला, म्हणजे उसवून दुरुस्तीला, जाणारे नग जवळपास बंद झाले होते, त्यात वाचलेल्या पैशातून अक्कांचा रोज वाढवला. दिवाळीनंतर मी स्वतः त्या मुलाच्या घरी गेले, कागद दाखवला. 58 नगांचे 464 होत होते. तो परत आला. आता त्याला दिवसाला 70 नगांच्या खाली चालत नाही.

आमच्यातली धाकटी बी.कॉम. अर्ध्यात सोडलेली. शिवणात तिचं मन नाही, हे तिच्या टाक्यांवरूनच दिसायचं. पण ती घरात तेलुगू बोलते, गल्लीत मराठी, तिची आजी अक्कलकोटकडची म्हणून कानडीही येतं. मी तिला मापं घ्यायला शाळेत पाठवलं. तिने टेपच बाजूला ठेवली. 22 पासून 42 पर्यंतच्या मापांचे नमुन्याचे शर्ट दोरीवर टांगले आणि पोरांना घालूनच बघायला लावलं. लाजणारं पोर टेप लावली की पोट आत ओढतं, शर्ट घालताना नाही ओढत, हे तिचं म्हणणं. तिच्या वहीत प्रत्येक नावापुढे माप असतं आणि कधीकधी एखादी टीप: 'भराभर वाढतोय, एक माप मोठं', 'ताईचाच शर्ट घालणार, यंदा नको'. त्या दुसऱ्या टिपेवरून मी काय करते ते माझ्याजवळच राहू दे.

अडचण सुट्ट्यांची आहे. एकेकाच्या हातावर एकेक काम ठेवलं की एक माणूस नाही आलं तर सगळं थांबतं. आणि सोलापुरात रोज कोणीतरी येत नाही. संक्रांतीला सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा, नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ, ईद, आणि सगळ्यांच्या वर पाणी. नळाला पाणी तीन-चार दिवसांनी, कधी पाचव्या दिवशी. ज्या भागात पाण्याची पाळी त्या भागातली बाई त्या दिवशी येणार उशिरा, यात तिची काय चूक? म्हणून भिंतीवर आमचा एक तक्ता आहे, कोणाच्या भागात कधी पाणी, आणि त्या दिवशी त्या जागेवर 'जोड' कोण. प्रत्येक कामाला एक जोड, दुसऱ्या क्रमांकाचा हात. भाभींची जोड निळ्या ताई, तो दोऱ्याचा कोपरा त्यांना आता भाभींइतका नाही तरी जवळपास तसाच येतो.

हे जोडीचं आणखी एका कारणाने वाढवलं. दोन वर्षं झाल्यावर भाभी एकदा जेवताना म्हणाल्या, "दीदी, मेरेकू पूरा शर्ट सिए कित्ता दिन हुआ." मी भाकरी हातात धरून बसले. ज्याला मी मान समजत होते तो त्यांना कोंडवाडा वाटायला लागला होता. त्यांच्या नातवासाठी शर्ट शिवायला बसल्या तर बाही चढवताना अडखळल्या होत्या. तेव्हापासून जुलैच्या शेवटापासून पुढे, काम मंद असताना, प्रत्येकजण आठवड्यातला एक दिवस पूर्ण शर्ट शिवतो. त्या दिवशी पुन्हा सगळ्यांचा खुणेचा धागा निघतो. भाभींचा पहिला शर्ट झाला तेव्हा बाहीला दोन चुण्या होत्या. लाल धाग्याचा मुलगा उठून त्यांच्याजवळ गेला, अक्का जातात तसाच, आणि चुणीवर बोट ठेवून त्याने कापड कुठे सोडायचं ते दाखवलं.

सध्या एक नवा मुलगा आला आहे, अठरा-एकोणीस वर्षांचा. धागेकटिंगला बसवलाय, पण या वेळी मी बघते आहे. कात्री धरून तो सारखा ओव्हरलॉककडे, म्हणजे कापडाच्या कडा बांधणाऱ्या मशीनकडे, मान वळवतो. मशीनचा सूर बदलला की त्याचा हात थांबतो. काल दुपारी ओव्हरलॉक बंद पडलं. बाहेरचा मेकॅनिक सीझनमध्ये दोन दिवसांशिवाय येत नाही, म्हणून मी फोन लावायला उठले. तो जवळ येऊन उभा राहिला. म्हणाला, "ताई, पेचकस हाय का?"

मी मास्तरांकडे बघितलं. मास्तरांनी कात्री खाली ठेवली, आपल्या जुन्या डब्यातून पेचकस काढला आणि त्याच्या हातात दिला.